एकच अकाउंट

८ नोव्हेंबर
आज मोबाइलने माझा जाहीर अपमान केला. नागरा गावातल्या कार्यक्रमात पेपरसाठी फोटो काढताना, ऐन दीपप्रज्वलनाच्या क्षणी फोनच्या पडद्यावर अक्षरं उमटली : जागा शिल्लक नाही. प्रमुख पाहुणे पेटती मेणबत्ती धरून माझ्याकडे बघत राहिले. कुडव्यात चार खोल्यांचं घर, राहणारा मी एकटा, आणि जागा नाही म्हणे! संकल्प : सगळं क्लाउडवर चढवायचं.

९ नोव्हेंबर
नागपूरहून पेपरच्या डेस्कचा फोन. पुरवणीसाठी लेख हवा, ‘क्लाउडचे फायदे : व्यापाऱ्यांना आणि घरच्यांना’. मी शीर्षक सुचवलं, ‘मेघसंगणनमहिमा’. पलीकडून, “सर, लोकांना कळेल असं द्या.” कलियुग.

११ नोव्हेंबर
योगराजसेठच्या राइस मिलवर. सेठ रायपूरला लग्नात जेवत असतात, आणि इथे गोदामात धान किती उतरलं ते मोबाइलवर बघतात. म्हणाले, “भाईसाब, पिछले साल कंप्यूटर जल गया, पर एक एंट्री नहीं गई. सब ऊपर सेफ है.” मग म्हणाले, “बस, अब मुनीम फोन नहीं करता. ज़रूरतच नहीं पड़ती उसको.” हे लेखात घेणार नाही. विषयाला सोडून आहे.

घरगुती फायद्यासाठी तर बाहेरही जायला नको. गुंजनने, म्हणजे मुलीने, माझ्या आणि बायकोच्या, अंजनाच्या, फोनला एकच अकाउंट जोडून दिलंय. अंजना गुंजनच्या बाळंतपणाला नागपूरला गेली आहे. ती तिथे फोटो काढते, तो इथे माझ्या हातात उमटतो. संसार म्हणजे आणखी काय असतं?

(बाळंतपण झालं. मोनू आता चालतोसुद्धा. पण लेकीला आई लागतेच.)

१४ नोव्हेंबर
चहाच्या टपरीवर शेजारचा लीलाधर. “भाऊ, वयनी कवा येऊन राहिल्या?” म्हटलं, डिसेंबरात. “मागच्या डिसेंबरातबी तेच सांगत होते ना तुमी.” या माणसाला तपशिलाचं फार वेड.

आजचा फोटो : मोनू, आणि मागे नवं लोखंडी कपाट. मोनूच्या कपड्यांसाठी असावं. आतली जरीकाठाची पातळं मोनूला कोण नेसवतं, कळलं नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळ
लेख अर्धा झाला. शास्त्र आधी स्वतः आचरावं. सगळं वर सुरक्षित आहेच, म्हणून फोनमधलं सगळं पुसलं. फोन कसा हलका झाला!

१६ नोव्हेंबर, दुपार
अंजनाचा फोन! स्वतःहून! किती दिवसांनी.

विचारत होती, मोनूचे सारे फोटो कुठी गेले. तो पहिल्यांदा चालला तो व्हिडिओ कुठी गेला. कायले हात लावला तुमी. इथून पुसलं की तिथलंही जातं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकच अकाउंट म्हणजे खरोखरच एक. मी तिला क्लाउडची मूळ संकल्पना समजावू लागलो. ती म्हणाली, “तुमाले माणूस नाही, ऐकनारा पायजे,” आणि फोन ठेवला.

तरी बोलणं बरंच झालं. आवाज जरा जड वाटला. सर्दी असावी.

१७ नोव्हेंबर
गुंजनने नागपुरात बसूनच कचरापेटीतून सगळे फोटो परत आणले. लेखात नवा फायदा घातला : ‘चूक झाली तरी सारं जसंच्या तसं परत मिळतं.’ लेख पाठवला.

२१ नोव्हेंबर
नवा फोटो नाही. कुडव्यात नेटवर्कची बोंब आहे.

२३ नोव्हेंबर
गोंदियाला स्टेशनजवळ जाऊन पाहिलं. नेटवर्क उत्तम. फोटो नाही. मोनूला बरं नसेल, फोटो कोण काढणार?

२५ नोव्हेंबर
गुंजनला फोन केला. मोनू ठणठणीत. फोटो का येत नाहीत, विचारलं. मग म्हणाली, “पप्पा, मम्मीचं अकाउंट वेगळं केलं मी.” म्हटलं, योग्यच केलंस, सुरक्षेच्या दृष्टीने तेच बरं. ती म्हणाली, “तिनंच सांगितलं होतं.”

३० नोव्हेंबर
लेख छापून आला. ‘घर कितीही दूर असो, क्लाउडमुळे सारे एकत्र’ हे वाक्य त्यांनी चौकटीत घेतलंय. लीलाधरने टपरीवर मोठ्याने वाचलं, पेपर घडी करून ठेवला, आणि हळूच विचारलं, “भाऊ, वयनीले तुमी ये म्हटलं काय कधी?”

मी चहाचे पैसे देऊन निघालो.

तसं मी कधीच म्हटलं नाही. मी ‘ये’ म्हणेन आणि ती ‘नाही’ म्हणेल, याची मला भीती वाटते.