दूधराजचा डोळा

सर, सगळं बदललं ते त्या दुपारी, तुम्ही ‘घसरलं का रे?’ विचारलंत आणि मी ‘हो सर, घसरलं’ म्हणालो तेव्हा. कॉलेज त्यानंतर सुटलं, माझ्या वर्गातली ती सकाळीच सुटली होती, पण माझं जे काय बिघडलं ते त्या एका उत्तरात.

जुन्या इंदूरच्या याच खोलीत तुम्ही दूधराज पक्ष्याचं छापचित्र करत होता. एकच लिनो, कोरून छापायचा लिनोलियमचा तुकडा, आणि चार रंग. आधी पक्ष्याचं पांढरं कोरून टाकायचं, उरलेल्यावर करडा छापायचा, मग करडा जिथे राहायला हवा तेवढं कोरायचं आणि वर हिरवा, तसाच निळा, शेवटी काळा. दर रंगाला लिनो थोडा मरतो, म्हणायचात, म्हणून कागद आधीच ठरवायचे, नंतर रडलात तरी अकरावा निघत नाही. तुम्ही दहा कापले होते. हात थरथरायला लागल्यापासून बारीक काम माझ्याकडे होतं. ‘दिमाग तवा आहे तुझा,’ तुम्ही म्हणायचात, ‘पण हात थंड आहेत.’ मला ते कोणत्याही मार्कांपेक्षा मोठं वाटायचं, कधी बोललो नाही.

त्या दिवशी तीन रंग होऊन गेलेत. लिनो मऊ पडावा म्हणून खिडकीत उन्हात ठेवलाय. शेवटची कोरणी तेवढी राहिलीय: डोळ्याभोवतीचं निळं कडं मोकळं करायचं आणि मधे मोहरीएवढी बाहुली ठेवायची, ती काळ्यात छापली जाईल. सकाळी भंवरकुआंला चहाच्या ठेल्यावर तिने सांगितलं होतं की ती बडोद्याला चाललीय, पुढचं शिकायला, शिफारशीची चिठ्ठी तुम्हीच लिहून दिलीत. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, ‘तू पण चल ना, कोणी अडवलंय.’ ते मला ऐकूच आलं नाही यार. मला फक्त ‘सर’ ऐकू आलं. मतलब, आमचं माहीत असून तुम्ही तिला पाठवलंत. दुपारी मी इथे येऊन बसलो, कडं कोरलं, एकदम साफ, आणि मग टूल उभं धरून बाहुली उडवली.

तुम्ही त्यावर अंगठा फिरवला. टूल घसरलं की लांब रेघ जाते, डोक्यावरून पार चोचीपर्यंत. इथे रेघ नव्हती. नुसतं गोल भोक होतं. बोट फिरवणाऱ्याला हे कळत नाही असं होईल का? तरी तुम्ही विचारलंत, घसरलं का रे. मला वाट करून दिलीत आणि मी तिच्यातून पळालो. तुम्ही म्हणालात, ‘होतं.’ मग रोलर उचललात आणि दहाच्या दहा कागदांवर काळा छापलात. काळ्या डोक्यात निळा ठिपका, मोतीबिंदू झाल्यासारखा. तिसऱ्या कागदावर मी उठलो आणि दार आपटून गेलो. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजही नाही.

आता सहा वर्षं झाली. विजय नगरात एका दुकानात फ्लेक्स बनवतो, वाढदिवसांचे, पुढाऱ्यांचे. तुम्ही गेलात तेव्हा आलो नाही. काल काकूंचा फोन आला, ‘मी लेकीकडे भोपाळला चाललेय, प्रेस भंगारवाला नेतोय, तुझं काही असेल तर घेऊन जा बेटा.’ आज आलो, तर पोहे देता देता त्यांनी सांगितलं. तुम्ही सगळ्यांना म्हणालात की हात तुमचाच घसरला. मग ताईने, तुमच्या लेकीने, हत्यारं कपाटात घातली आणि कुलूप लावलं, हाताबिताला लागेल म्हणून. तुम्ही भांडला नाहीत. शेवटचे आठ महिने खिडकीत बसून नुसते हात बघायचात. काकू म्हणाल्या, ‘एका डोळ्यापायी काम सुटलं रे त्यांचं.’

त्यांना खरं सांगायचंच असं ठरवून, आधी या खोलीत बसून वाया गेलेल्या एका प्रुफाच्या पाठीवर हे लिहायला घेतलं. एवढं लिहून झालं आणि काकू दारात आल्या. त्यांनी सरळ विचारलं, ‘तू तर समोर होतास ना, कसं घसरलं रे त्यांचं?’

पुढचं बाहेर, जिन्यावर बसून लिहितोय. मी म्हणालो, ‘माझं लक्ष नव्हतं काकू.’ त्या म्हणाल्या, असू दे. लिनो त्यांनी जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून दिला आणि दूधराजही, दहाच्या दहा. घेऊ नयेत एवढी अक्कल होती मला, तरी घेतले. हा कागद त्यांच्यातच घालतो, तिथे कोणी बघणार नाही. पाया पडलो. मग बाहेर आलो आणि त्या दिवशी आपटलेलं दार आज, कडीचासुद्धा आवाज होऊ न देता, लावून घेतलं.