हिरवा ठिपका तांबडा करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपग्रह निरीक्षण अधिकारी,
जलवाहतूक कार्यालय, दुसरा मजला,
ठिपके विभाग (जिन्याच्या उजवीकडे, बंद पंख्याखाली).

अर्जदार : निवृत्त घड्याळजी, वय ६७, 'चपळा' या शिडाच्या बोटीचा निम्मा मालक.

विषय : वाळूच्या दांड्यावर रुतलेली माझी बोट रुतलेली आहे असे मान्य होऊन ती दि. १७/५ रोजी ओढून काढण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ४/४ ('आपली नौका चालू आहे'). २) आपले प्रशस्तिपत्र दि. २४/४. ३) आपली नोटीस दि. ७/५ (धडकेबाबत खुलासा).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. मी व माझे थोरले मेहुणे (पत्नीचे सख्खे भाऊ, निवृत्त सुतार) यांनी सहा वर्षे खपून 'चपळा' ही बोट बांधली. दि. ४/३ रोजी सकाळी ९ वाजून १४ मिनिटांनी ती पहिल्यांदा धक्क्यावरून सुटली आणि ९ वाजून ५१ मिनिटांनी मोठ्या वाळूच्या दांड्यावर चढली. त्या वेळी सुकाणू मेहुण्यांच्या हाती होते व पाण्याची खोली पाहण्याचे काम माझ्याकडे होते, असे मेहुण्यांचे म्हणणे आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. त्या वादात शिरून आपला अमूल्य वेळ घेत नाही. आमची सदतीस मिनिटे त्यातच गेली.

२. दुसऱ्याच दिवशी मी आपल्या खिडकी क्र. ३ वर हजर झालो. तेथे समजले की, दांड्याच्या परिसरात टगबोट न्यायची तर आपल्या नकाशावर अडकलेल्या बोटीचा ठिपका तांबडा असावा लागतो. हिरवा म्हणजे चालू, तांबडा म्हणजे रुतलेली. आणि तांबडा केव्हा होतो, तर बोटीवरच्या ट्रॅकरने सलग तीस दिवस उपग्रहाला एकच जागा दाखवली, पाच मीटरहून जास्त फरक पडू दिला नाही, तरच. तोवर बोटीवर कोणीतरी माणूस असला पाहिजे, नाहीतर ती बेवारस ठरून मोडीत निघते. "म्हणजे तीस दिवस रुतून बसायचं?" असे मी विचारले असता खिडकीवरील लिपिक बाई अत्यंत सौजन्याने म्हणाल्या, "काका, एवढी घाई होती तर रुतायचं नव्हतं." हे म्हणणे मला पटले. मेहुणे बोटीवर थांबले. मी रोज वल्ह्याच्या होडीने त्यांचा डबा पोचवू लागलो.

३. तीस दिवस मेहुणे हलले नाहीत. बोट हलली नाही. परंतु महोदय, दांडा हलला. हा दांडा दरमहा तेरा मीटर दक्षिणेकडे सरकतो, हे इथल्या बदकांनाही ठाऊक आहे. त्याच्या पाठीवर बसलेली बोट अर्थातच त्याच्याबरोबर गेली. त्यावर आपले दि. ४/४ चे पत्र आले की, आपली नौका चालू असून योग्य दिशेने मार्गक्रमण करीत आहे, सबब ती रुतलेली मानता येत नाही. या वेगाने ती आठ किलोमीटरवरच्या समोरील बंदरात एक्कावन्न वर्षे तीन महिन्यांनी पोचेल, तरी त्या वेळी सुकाणूवर कोण असेल ते कळवावे, असेही त्यात होते. मेहुणे आज त्रेसष्ट वर्षांचे आहेत. घड्याळाच्या धंद्यात जन्म गेल्याने मी आपला हिशेब स्वतः तपासून पाहिला. आकडा अगदी बरोबर आहे. चूक असलीच तर बाकीच्या सगळ्यात आहे.

४. मी पुन्हा खिडकी क्र. ३ वर गेलो. बाई म्हणाल्या, "आधी बोट थांबवा. मग रुतली का ते बघू." त्यानुसार आम्ही बोटीचे चार बाजूंना चार नांगर टाकले. चारही नांगर त्याच दांड्यात गेले व तेही चालू झाले. बोट खरोखर एका जागी ठेवायची तर ती दांड्यावरून उचलून घ्यायला हवी. म्हणजे बोट रुतली आहे हे सिद्ध करायला ती आधी मोकळी करायची, आणि मोकळी झाली की ती रुतलेली नाही. हे मी बाईंना तीन वेळा समजावले. त्यांनी ग्लासभर पाणी पिऊन घेतले व म्हणाल्या, "हे असं सगळं लेखी द्या." म्हणून लेखी देत आहे.

५. पुढील बाब कबूल करताना अर्जदाराची मान खाली आहे. दि. ६/४ रोजी मी बोटीवरचा ट्रॅकर काढून घरी आणला व स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे ठेवला. आमचे घर कुठेही सरकत नाही, एवढाच त्यात हेतू होता. पाच दिवस उत्तम गेले. सहाव्या दिवशी पत्नीने तो माझा चष्म्याचा डबा समजून पिशवीत टाकला आणि बाहेर पडली. आपल्या नोंदीप्रमाणे त्या सकाळी 'चपळा' मुख्य रस्त्याने भाजीबाजारात गेली, शिंप्याच्या दुकानात पाऊण तास थांबली, आणि परतताना दोन सिग्नल तोडून घरी आली. मध्यंतरी आपल्या नियंत्रण कक्षातून मला फोन आला, "शिडं उतरवा, तुम्ही शाळेच्या हद्दीत शिरलाय!" शिडे मुळात चढवलेलीच नाहीत, असे मी सांगितले, व ते खरेच होते. त्याच दुपारी ट्रॅकर बोटीवर परत नेऊन लावला. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. पत्नी नाही.

६. आता जे लिहितो ते मात्र हसण्यावारी नेऊ नये. दि. १५/४ रोजी एक दंतवैद्य स्वतःच्या शिडाच्या बोटीतून जात असता त्यांनी मोबाइलवर आपला नकाशा उघडला. दांड्याच्या जागी हिरवा ठिपका दिसला. चालू बोट आहे म्हणजे पाणी खोल असणार, असा त्यांनी साहजिकच अर्थ लावला व ते थेट 'चपळा'च्या शेजारी येऊन रुतले. त्यांचाही ठिपका हिरवा राहिला. चार दिवसांनी दोन संगीतशिक्षिका भगिनी तिकडून निघाल्या. त्यांना दोन हिरवे ठिपके दिसले. दोन-दोन बोटी जाताहेत म्हटल्यावर त्यांनी वेगही वाढवला, त्यामुळे त्या बऱ्याच वर चढल्या आहेत.

तिन्ही बोटी एकाच वेगाने, एकाच दिशेला, एकमेकींतले अंतर तसूभरही न बदलता सरकत असल्याचे पाहून आपण दि. २४/४ रोजी त्यांना 'शिस्तबद्ध नौकानयना'चे प्रशस्तिपत्र दिले. मेहुण्यांनी ते डोलकाठीला खिळ्याने ठोकले आहे. ओहोटीला दांड्यावर आता चार खुर्च्या मांडलेल्या दिसतात आणि दोरीवर कपडे वाळत असतात. दंतवैद्यांनी मेहुण्यांची कित्येक वर्षे ठणकणारी दाढ काढून दिली. भगिनी सकाळी सूर लावतात, त्यात मेहुणेही आवाज मिसळतात, व वारा इकडचा असल्यास तो धक्क्यापर्यंत ऐकू येतो. परवा नौकाविहार मंडळाच्या अध्यक्षांनी मला फोन केला. या महिन्याअखेर त्यांच्या एकोणीस बोटी सहलीला निघणार आहेत. "तिकडे बोटींची वर्दळ चांगली दिसते, पाणी बरं आहे ना?" असे त्यांनी विचारले. मी पाणी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग सरकारी नकाशा काय खोटा आहे का?" यावर काय उत्तर द्यावे, ते कृपया कळवावे.

७. बोट थांबवता येत नाही आणि दांडाही थांबवता येत नाही, हे लक्षात आल्यावर अर्जदाराने आपल्याच नियमपुस्तिकेचा आधार घेतला. जे पाण्यात राहून सरकते ते सर्व नोंदणीस पात्र आहे, असे तीत पहिल्याच पानावर म्हटले आहे. त्यानुसार दि. २८/४ रोजी मी वाळूच्या दांड्याची नौका म्हणून नोंदणी होण्यासाठी विहित नमुन्यात अर्ज केला. लांबी नऊशे मीटर. रुंदी एकशे वीस. शिडे नाहीत. आकार चपटा. वजनाच्या रकान्यात तीनच घरे होती, म्हणून '९९९' लिहिले. नावाचा रकाना सक्तीचा असल्याने 'आत्याबाई' असे भरले. माझी आत्याही एकदा येऊन बसली की उठत नसे आणि तरी दर खेपेला थोडी आतल्या खोलीकडे सरकलेली दिसे. सर्व रकाने भरलेले असल्यामुळे आपल्या कार्यालयास हरकत घेण्यासारखे काही आढळले नाही व दुसऱ्याच दिवशी नोंदणी होऊन नवा ट्रॅकर हाती मिळाला. बाई म्हणाल्या, "बघा, नीट भरलं की कसं पटकन होतं." तो ट्रॅकर काठीला बांधून दि. ३० रोजी दांड्यात रोवला. उपग्रहास तो व्यवस्थित दिसत आहे.

८. काल आपली नोटीस मिळाली. 'आत्याबाई' व 'चपळा' या दोन चालू नौका सात दिवसांपासून एकमेकींस चिकटलेल्या असून ही धडक का झाली, दोष कोणाचा, याचा खुलासा मागितला आहे. खुलासा असा की, आत्याबाईचा दोष नाही. ती तेथे आधीपासून होती. चपळेने येऊन तिला धडक दिली व धडक अजून सुरूच आहे. नियम २२ प्रमाणे अशा प्रसंगी ठिपक्यांचा रंग न पाहता टगबोट पाठवून दोन्ही नौका अलग करणे आपल्या कार्यालयावर बंधनकारक आहे.

तरी विनंती की, टगबोट दि. १७/५ रोजी सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी पाठवावी. त्या वेळी उधाणाची भरती असून दांड्यावर चाळीस मिनिटे पुरेसे पाणी राहील. एवढे पाणी पुन्हा साडेपाच महिन्यांनी येईल. दोन्हींपैकी कोणती नौका ओढायची, हा सर्वस्वी आपला अधिकार आहे. तथापि लहान असलेली आधी ओढावी, असे अर्जदार नम्रपणे सुचवतो. शेजारच्या दोन बोटींनीही आत्याबाईला धडक दिलेली असल्याने त्याच फेरीत त्यांचाही विचार व्हावा. आणि तोवर निदान एक ठिपका तांबडा करावा, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांना दाखवता येईल.

टगबोटीची व तांबड्या ठिपक्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
निवृत्त घड्याळजी
दि. ८/५, सकाळी १० वाजून ४० मिनिटे

सोबत : १) भरती-ओहोटीचे वेळापत्रक, माझ्या हाताने काढलेले. २) 'आत्याबाई'च्या नोंदणीची प्रत. ३) दांड्यावरील चार खुर्च्यांचे छायाचित्र (मेहुणे उजवीकडून दुसरे, हात हलवताना).

ता. क. (अर्जदाराच्या पत्नीच्या अक्षरात) :

साहेब, यांनी एवढं लांबलचक लिहिलंय, तुम्ही काही सगळं वाचणार नाही, म्हणून माझं दोन ओळींत. दादाला सतरा तारखेला आणा. टगबोट जवळ आली की तो सांगेल, मी इथे मजेत आहे, माझी दाढ बरी झाली, मला गाणं येतंय, तुम्ही पुढच्या वेळी या. त्याचं ऐकू नका. पासष्ट दिवस झाले, घरात एकटी मीच यांची बोटीबद्दलची बाजू ऐकतेय. दुसरी बाजू मला त्याच्या तोंडून, समोर बसवून ऐकायची आहे. बोट नाही निघाली तर राहू दे, पण त्याला मात्र आणाच.