बँजोच्या तारखेचं लग्न

प्रिय पृथ्वीराज,

चारचौघांत तुला अहो म्हणते, पण इथं तू म्हणणार. अहो-जाहो करून रागावता येत नाही. बस्त्याच्या दिवसापासून तुझा फोन नाही. माझा नंबरही ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र सविताताईंच्या हाती देतेय. तुझ्याच वहिनी आहेत, वाचून हसतील; हसू देत.

असं काय बोलले होते रे मी? शिरूरच्या दुकानात साड्यांचा ढीग पुढ्यात, आणि तू सगळ्यांना मोबाईलवर तुझी ती भीमाकाठ बँजो पार्टी दाखवत होतास. मी एवढंच म्हणाले, की उगाच डोक्यावर चढवलंय त्यांना. चाली त्याच, फक्त स्पीकरच्या भिंती वाढल्या. झालं! मोबाईल खिशात घातलास, बुलेटला किक मारलीस अन् थेट दौंडला घर गाठलंस. माझा शालू नवरदेवाविनाच निवडला. आई दुकानदारापुढं उगाच हसत होती.

मी काय त्यांची दुश्मन आहे? न्हावऱ्याच्या जत्रेत ते पहिल्यांदा वाजले, तेव्हा मीही पोरींच्या घोळक्यात नाचले होते. तेव्हा तो बँजोवाला मान खाली घालून असा वाजवायचा, की अंगावर काटा यायचा. आता वाजवतो कमी अन् हात जास्त हलवतो. तुलाही कळतं हे. पण हातावर त्यांचं नाव गोंदवून बसलास, आता कबूल कसं करायचं! बरं, असू देत ते तुझे देव. पण भटजींनी मार्गशीर्षातला मुहूर्त काढून दिल्यावर, पार्टीची तारीख मोकळी नाही म्हणून लग्न वैशाखात ढकलायचं? असं कुणी करतं का रे?

आणि खरं दुखतंय ते वेगळंच. तुझ्या मित्राच्या वरातीत त्या आवाजानं आईला चक्कर आली. मी गर्दीत शिरून तुझा दंड धरून हलवला. तू म्हणालास, थांब गं, एवढी चाल संपू दे. आईला रिक्षात मी एकटीनं बसवलं. ती आता बरी आहे, उलट जावई हौशी आहे म्हणते. मला मात्र ते विसरता येत नाही. उद्या आपल्या घरात मी हाक मारली, तर तेव्हाही चाल संपायची वाट बघू?

काल तुझ्या मामांचा आमच्या आबांना फोन आला. पोरीनं पार्टीच्या नावाचा एक स्टेटस ठेवावा, चुकले म्हणावं, न्हाईतर सोयरीक मोडली समजा. आबा लालबुंद झाले, मीच मोडतो म्हणाले. त्यांना हातापाया पडून रविवारपर्यंत थांबवलंय, म्हणून घाईनं लिहितेय. स्टेटस मी ठेवणार नाही. मांडव मार्गशीर्षातल्या त्याच मुहूर्ताला घालायचा, एवढं मी आबांकडून वदवून घेतलंय. मला नवरा तूच हवायस, हे लाज सोडून सांगते. मुहूर्ताच्या दिवशी तुझी भीमाकाठ इनामगावात वाजणार आहे, मी चौकशी केली. तू कुठं असशील, तेवढं रविवारच्या आत कळव.

अजून तरी तुझीच,
सायली