शेवटी कोणी बसायचं

अंबरनाथ,
ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप माईआत्यांच्या चरणी शशिकांतचे दंडवत.

गुडघे कसे आहेत? मिरजेत थंडीची चाहूल लागताच बोलू लागले असतील. आपल्या घराण्यात गप्प असं काहीच बसत नाही. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे कोणी कोणाशी बोलत नाही, पण गातात सगळे.

आजोबांची पुण्यतिथी पुढच्या महिन्यात आली. बदलापूर गावातल्या देवळातली बैठक आणि तिची रीत तुम्हीच घालून दिलेली: घरातला सर्वांत धाकटा आधी, सर्वांत थोर शेवटी. मी नोकरीला लागल्यापासून शेवटी दिनानाथकाका गातात आणि त्यांच्या आधी मी स्वतंत्र पेटी वाजवतो. (माझ्या पेटीबद्दल मिरजेत काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. बोलणाऱ्यांपैकी एकानेही ती पूर्ण ऐकलेली नाही.) तर या सरळ व्यवस्थेत काकांचा नातू चिंतामणी शिरला. तो ‘रॅप’ करतो. रॅप म्हणजे काय हे तुम्हाला कसं सांगू? सुट्ट्या पैशांवरून माणूस कंडक्टरला जे ऐकवतो ते तालात ऐकवलं की रॅप. सूर लावायचा नसतोच. काकांनी ज्याच्यासाठी साठ वर्षं पहाटे उठून अख्ख्या आळीला उठवलं, ती कटकटच या पिढीने काढून टाकली आहे. पोरगा स्वतःला ‘मॅड मणी’ म्हणवतो (यातला अर्धा भाग मला मान्य आहे). अंगात उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका सिंधी मित्राच्या कारखान्यात शिवलेली जीन्स, जिच्या एकेका पायात तंबोरा गवसणीसकट मावेल. त्याच्या आईने, म्हणजे आपल्या पद्मजाने, हे काय चाललंय विचारलं, तर म्हणाला, “मम्मी, टेन्शन नको घेऊ. घराणं अपनाच आहे, बस स्पीड बढवलाय.”

गेल्या वर्षी धाकटा म्हणून रीतीप्रमाणे त्यालाच पहिला बसवावा लागला. (बसला नाही. उभा राहिला आणि मग उड्या मारू लागला. आजोबांच्या तसबिरीचा हार दोनदा घसरला.) शब्द ऐका:

नदी घुसली घरात, बेल नाही मारली,
नळाला नाही पाणी, अशी अपनी मांजर्ली!

आता, बदलापूरच्या नदीकाठच्या मांजर्लीत त्या पावसाळ्यात खरंच घराघरात पाणी शिरलेलं. तिथल्या बायका, उल्हासनगरहून टेम्पो भरून आलेली पोरं, गावातले शेतावरून थेट आलेले म्हातारे, सगळ्यांनी देऊळ डोक्यावर घेतलं. तीनदा वन्समोअर. (मला आयुष्यात एकदाच मिळाला, तोही लाउडस्पीकर बंद पडला होता म्हणून.) मग मॅड मणीने वाकून नमस्कार केला आणि देऊळ रिकामं झालं. माझी पेटी खांबांनी ऐकली. काका तंबोरा जुळवून बसले तेव्हा समोर मसालेभाताची वाट बघणारे दोघे आणि सतरंजी गुंडाळायला तिचं टोक हातात धरून उभा असलेला देवळाचा गडी भीमराव, एवढेच उरले होते. काका तासभर बागेश्री गायले आणि एकदाही डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, तंद्री लागली. पद्मजा म्हणाली, उघडायची हिंमत नव्हती त्यांची.

म्हणून यंदा तिने सुचवलं, चिंतामणीला शेवटी ठेवू. त्याच्यासाठी थांबणारे लोक बाकीच्यांनाही ऐकतील. काका एवढंच म्हणाले, “शेवटी तो, तर थोर तो. मग मी कोण? त्याचा शागीर्द?” तेव्हापासून ते घरात जेवत नाहीत, डबा लावला आहे. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही सांगाल तिथे मी उभा राहतो, पायजे तर देवळाच्या बाहेर. असला साळसूदपणा तर मला त्याच्या रॅपहून असह्य होतो.

तरी आपण वडीलधाऱ्या या नात्याने चार कडक ओळी लिहाव्यात आणि आजोबांच्या तसबिरीसमोर हा आरडाओरडा कायमचा बंद करावा, ही विनंती. इथे तुमच्या शब्दापुढे कोणी तोंड उघडत नाही, गायलासुद्धा.

गुडघ्यांना तेल चोळत जावे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मिरजेतल्या टीकाकारांना काहीच नाही.

तुमचा भाचा,
शशिकांत

ता. क. बंदीचं एवढ्यात लिहू नका. चिंतामणी नसेल तर भीमरावसुद्धा यायचा नाही, असं पद्मजाचं मत पडलं. त्यापेक्षा, धाकट्यालाही शेवट देता येतो असं आजोबा एकदा म्हणाले होते, हे तुम्हाला आठवावं. तुमची आठवण खोटी ठरवायला आता कोणी उरलेलं नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच कळलं की काका राजी झाले आणि जेवायलाही बसले. अट एकच: नातवाच्या लगेच आधी ते गाणार. हे मात्र तुम्ही होऊ देऊ नका. त्या वेळी देवळात सर्वांत दाट गर्दी असणार, जागा जाईल म्हणून कोणी उठणारही नाही. या वयात त्यांना एवढा ताण कशाला? त्यांना आरंभीच बसवा, आवाज ताजा असतो, वेळेवर झोपतीलही. नातवाच्या आधीची ती अवघड जागा पेटी घेऊन मी सांभाळीन. पाऊण तास पुरे. तास दिलात तरी मी तक्रार करणार नाही.