दशांश म्हणजे टिंब नव्हे

मी, गुलशन दाऊद मुकादम, वय ७४, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार जुने पनवेल, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. (धाकटा भाऊ खलील रोज येऊन दाबून बघतो, पण मी कसली दबते!)

१. मला नवरा नाही, मूल नाही. घर माझ्या पश्चात खलीलकडेच जाईल. वारस तो एकटाच.

२. मात्र घराचा दशांश त्याची मुलगी, माझी भाची सायमा, हिला द्यावा. मृत्युपत्राने वारसाबाहेर द्यायला शरियत एक तृतीयांशापर्यंत मुभा देते, मी दशांशातच भागवते. तिने मोऱ्यांच्या मुलाशी स्वतःच्या मनाने लग्न केले म्हणून खलीलने तिला दार बंद केले. आता नवऱ्यानेही टाकले. पोरगी गव्हाण गावात भाड्याच्या खोलीत दिवस काढते. माझा जीव तुटतो.

३. वकिलांनी कच्च्या मसुद्यातले हे दशांशाचे कलम वाचून दाखवले तेव्हा खलील हसत म्हणाला, "दशांश म्हणजे टिंबच ना, आपा? दे की, खुशाल दे!" शिक्षिकेचा भाऊ आणि ही अक्कल! म्हणून खुलासा करते. टिंब हे नुसते दशांश चिन्ह. दश म्हणजे दहा, अंश म्हणजे भाग. शेजारच्या भीमाबाईंकडे जप झाला की त्याच्या दशांशाने हवन होते. आपटा गावच्या आमच्या शेतातले भात आले की अब्बा दहावा भाग गरिबांसाठी काढायचे, त्याला उश्र म्हणायचे. त्या अरबी शब्दातही दहाच आहेत. इंग्रजीतले डेसिमलसुद्धा लॅटिन दहावरून आले, हे कोशात सापडले तेव्हा मी एकटीच खुदकन हसले होते. सगळ्या मुलखांत माणसे आधी बोटांवरच मोजायला शिकली असतील का? कुणाला कळले तर माझ्या कबरीवर येऊन सांगा.

४. जिन्यावरची खोली मोजून घेतली आहे, घराचा दहावा भाग भरते. जिना अंगणातून, दार स्वतंत्र. ती सायमाची.

५. फळ्यावरचा लाकडी कंपास भीमाबाईंची नात समृद्धी हिला. ती फार "का?" विचारते.

६. खलील, टिंब पुसले की साडेतीनाचे पस्तीस होतात. एवढ्याशा गोष्टीला क्षुल्लक समजू नकोस. त्या खोलीचे दार वाजवून आत जा. ती उघडेल.

पनवेल, ता. ९ फेब्रुवारी २०२५
सही: गुलशन मुकादम
साक्षीदार: भीमाबाई घरत (अंगठा), अबरार काझी

(खाली, खलीलच्या हातचे:) वाचले, आपा. तुझ्या पश्चात कशाला? किल्ली दे, आजच गव्हाणला जातो.