पाठमोरं

६ एप्रिल, रविवार

नागपूरला येऊन पंधरा दिवस झाले आणि शेवटी माझ्या लायकीचं काम मिळालं. कॉलेजातले तास कुणीही घेईल. पण कोराडी रस्त्यापलीकडच्या एका तलावाच्या काठावर देखरेख ठेवणारं स्वयंसेवकांचं मंडळ आहे, त्यांनी सात नंबरचा टप्पा मला दिला. दोनशे मीटर काठ. पाण्याची पातळी, कचरा, मेलेले मासे, पक्षी, सगळं सकाळी जाऊन तक्त्यात भरायचं. बाकीचे स्वयंसेवक म्हणजे आनंदच. दुर्बिणी महागाच्या आणि पाणकावळ्याला बदक म्हणतात. फोटो काढून, तर्री-पोहे हाणून झाले की यांचं निसर्गरक्षण आटोपतं.

आज शेकाट्या चौदा, टिटव्या तीन, पाणकावळे नऊ. खर्ऱ्याच्या, म्हणजे इथल्या तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या मोजायचा कंटाळा आला. पातळीच्या पट्टीवर बारा. दूर पाण्यात एक काळं मडकं तरंगत होतं, तेही लिहिलं.

९ एप्रिल, बुधवार

माझ्याआधी हा टप्पा सुमंत नावाच्या निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे होता. त्याच्या तक्त्यांत ‘पाण्यात दिसलेले इतर काही’ हा रकाना दोन वर्षं कोरा. फोन करून जाब विचारला. म्हणाला, मी त्या पाण्याकडे पाठ करूनच काम करायचो, तुम्हीही तेच करा. असल्या माणसांच्या हातात बँका होत्या!

काठावर देवाजी नावाचा मासेमार आणि त्याची बायको प्रेमिला जाळं दुरुस्त करत बसतात. तेही तलावाकडे पाठ करून. कारण विचारलं तर देवाजी म्हणाला, "तिथं एक उभं आहे, बाई. त्याले पाह्यलं का ते जवळ येते. नाही पाह्यलं त जागीच राह्यते." स्टाफरूममध्ये सांगायला बरं आहे.

मडकं मात्र मडकं नव्हतं. डोकं होतं. ओले केस, तोंड पलीकडे. ‘आंघोळ करणारी व्यक्ती, एक’ असं लिहिलं.

१३ एप्रिल, रविवार

ती व्यक्ती आजही होती. आता खांदे दिसतात. उन्हानं पाणी उतरलं असणार. पट्टी पाहिली, बारा. इथली पट्टीसुद्धा इथल्या माणसांसारखीच, कामाची नाही. अर्धा तास दुर्बीण लावून उभी राहिले. खांदे श्वासानंही हलले नाहीत.

पक्षी एकही नाही.

१६ एप्रिल, बुधवार

कमरेपर्यंत बाहेर. पाण्यात फार वेळ राहून बोटांना सुरकुत्या पडतात, तशी सगळी पाठ.

मी घाबरले नव्हते. तरीपण दुसऱ्या कुणीतरी ते पाहावं असं वाटलं. देवाजी डोंग्याकडे गेला होता. प्रेमिलाला म्हटलं, बघ आणि काय दिसतं ते सांग. हिरव्या ब्लाउजवरचा पदर तिनं डोळ्यांवर ओढला. "मले नोका सांगू, बाई." अडाणीपणाची मला चीड येते. तिची हनुवटी धरली आणि तोंड तलावाकडे वळवलं.

ती किंचाळली नाही. हळूच म्हणाली, "हे त मागं मागं चालून राह्यलं."

खरं होतं ते. टाच आधी टाकत ते आमच्याकडे येत होतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

सुमंतचा फोन. काल दुपारी प्रेमिला जाळं ठेवून उठली आणि पाण्यात चालत गेली. देवाजीनं उडी मारली, लोकांनी डोंगे घातले. सापडली नाही. तुम्ही तिला काही दाखवलं होतं का, असं त्यानं विचारलं.

नाही म्हणाले.

२० एप्रिल, रविवार

दोन पाठी. एक गुडघाभर पाण्यात. दुसरी खांद्यापर्यंत, हिरव्या ब्लाउजची.

देवाजीला खरं सांगितलं. मारेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त कारण विचारलं, "काहून?" मग म्हणाला, पाहिलेल्या माणसानं पाठ करून दिवस बुडेपर्यंत बसलं की ते परत आत जातं, त्याच्या बापानं केलं होतं. "मी बी बसतो. एकट्याले जमत नाही." त्याची बायको मी घालवली आणि तो माझ्यासाठी बसला.

दुपारी तीन. बाभळीखाली. नजर कागदावर राहावी म्हणून लिहितेय. मागे चिखलात पावलं. थांबतात. पुन्हा —

साडेचार. तिनं हाक मारली. तिचाच आवाज. "अजी, इकडं पाहा नं." देवाजी रडतोय. माझं मनगट घट्ट धरलंय. मी म्हटलं, बघू नका, मी पाया पडते तुमच्या —

सुटला हात.

तो वळला. पाणी वाजलं. मी वळले नाही. त्याच्या चपला इथंच आहेत.

सहा. सूर्य पाठीमागे, तलावावर. थोडाच वेळ. आवाज नाही. मान अवघडलीय पण —

सव्वासहा. माझी सावली पुढे लांब पडलीय. तिच्या शेजारी आणखी तीन. डोळे मिटले. उघडले. तिघांची डोकी माझ्याकडे वाकलीत —

सावली पाहिली म्हणजे पाहिलंच का, हे देवाजीला विचारायचं राहि