खांब परत मिळण्याबाबत, आणि तोवर मला त्या जागी उभे राहू देण्याबाबत

दि. १२ जुलै १९७१

प्रति,
मा. किनारा अधिकारी,
नगरपरिषद कार्यालय,
मार्लसी.

विषय : गाढवांच्या वळणाचा लोखंडी खांब मूळ जागी रोवणे; दरम्यानच्या काळात अर्जदारास त्या जागी उभे राहण्याची परवानगी देणे.

संदर्भ : १) सदर खांब काढून टाकण्याबाबत गेल्या ऑक्टोबरातील अर्ज (अर्जदार : मीच).
२) श्रीमती मॉड गार्थवेट यांना आपण बजावलेली नोटीस.

महोदय,

१. मी एड्विन स्कोल्स, चष्म्यांचे दुकान चालवून निवृत्त, राहणार किनारा रस्ता, पांढरी इमारत, दुसरा मजला. संदर्भ क्र. १ मध्ये मी लिहिले होते की, जुन्या धक्क्याचा उरलेला एकमेव खांब गंजला असून त्यापासून लहान मुलांना इजा संभवते. वस्तुतः त्या खांबाने आजवर एकाही मुलाला साधे खरचटलेले नाही. तो माझ्या खिडकीच्या बरोबर मध्ये येत होता आणि सकाळचा चहा घेताना मला समुद्र सलग हवा होता, एवढेच खरे कारण. आपण महिन्याच्या आत खांब उपटून कोठारामागे टाकलात. माझ्या एखाद्या अर्जावर कार्यवाही होईल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

२. युद्धात शत्रू उतरू नये म्हणून लष्कराने धक्का मधोमध तोडला, उरलेला पुढे वादळाने नेला आणि हा एक खांब राहिला, हे आपण जाणताच. "खांबाचं डोकं बुडालं, चला चहाला!" असे म्हणत भरतीच्या वेळी आपले गाव किनाऱ्यावरून उठत असे. श्रीमती गार्थवेट यांची गाढवे मुलांना पाठीवर घेऊन किनाऱ्याच्या पायऱ्यांपासून निघत, खांबाला वळसा घालत आणि आपली आपण परत येत. बाईंच्या वडिलांपासून हेच चालले आहे. त्या गाढवांचा लगाम कोणी कधी ओढलेला नाही. बाईंच्या परवान्यावरही "पायऱ्यांपासून खांबापर्यंत" असेच लिहिलेले आहे.

३. खांब गेला, त्यामुळे कुठे वळायचे हे गाढवांना कळेनासे झाले. डचेस ही म्हातारी गाढवीण पुढे असते. ती सरळ चालत राहिली आणि बाकीची तिच्या मागून, पाठीवरच्या मुलांसह, उत्तरेच्या खडकांकडे जाऊ लागली. आपले किनारारक्षक श्री. बर्कमशॉ यांचे म्हणणे असे की, "खांब नाही म्हणजे हद्द नाही, आणि हद्द नाही म्हणजे पायऱ्या सोडल्या की प्रत्येक पाऊल हद्दीबाहेर." त्यावरून नोटीस निघाली. येत्या गुरुवारच्या सभेत बाईंचा परवाना रद्द करायचा की कसे, हे ठरणार आहे. रद्द झाला तर गाढवे विकावी लागतील. बाई मला म्हणाल्या, "गाढवं गेली तर मी काय करू हो? तुमच्यासारखी खिडकीत बसून समुद्र बघू?" त्यांनी सहज म्हटले होते. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

४. मे महिन्याच्या सुट्टीत कागदी टोपी घातलेली एक मुलगी डचेसवर बसून रडत खडकांकडे निघाल्याचे मी त्याच खिडकीतून पाहिले. तांबूस रेनकोट अडकवून मी धावत खाली गेलो आणि वाटेत उभा राहून हात हलवले, ओरडलो. गाढवांनी ढुंकूनही पाहिले नाही. शेवटी दमलो, हात खाली सोडले आणि गप्प उभा राहिलो. तेव्हा डचेस जवळ आली, तिने माझे कोपर हुंगले, मला वळसा घातला आणि परत फिरली. मागची सगळी तशीच फिरली. मी खांबाच्याच जागी उभा होतो, हे मला नंतर उमगले. तेव्हापासून दर ओहोटीला मी तिथे असतो. शुक्रवारी गाढवांना सुट्टी, म्हणून मलाही.

बाई रोज थर्मासमधून चहा आणतात, सोबत खारवलेल्या माशाचे सँडविच. म्हणतात, "स्कोल्स, तुम्ही देवमाणूस आहात! आणि ज्या मेल्यानं खांब काढायला लावला ना, तो एकदा सापडू दे. त्याच्याच पाठीवर पोरं बसवते की नाही बघा!" चोराच्या मनात चांदणे. मी "हो हो, सापडायलाच हवा" म्हणतो आणि सँडविच खातो. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

५. श्री. बर्कमशॉ यांच्या मते किनाऱ्यावर कोणतीही स्थिर वस्तू विनापरवाना ठेवता येत नाही, आणि मी आता स्थिर वस्तूत मोडतो. तरी मला परवानगी द्यावी. मी हात हलवणार नाही. कडक उन्हातही तो गंजाच्या रंगाचा रेनकोट काढणार नाही. पोहायला येणाऱ्यांनी माझ्यावर टॉवेल वाळत घातल्यास माझी हरकत नाही. एका गृहस्थांनी घातलाही आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असे म्हणतात. मी त्याला तयार आहे.

६. तथापि माझा उजवा गुडघा सुजला आहे आणि हा खांब ऑगस्टपलीकडे टिकेल असे डॉक्टरांना वाटत नाही. म्हणून खरा खांब परत रोवावा. तो माझ्या खिडकीच्या मध्येच येऊ द्यावा. गुरुवारच्या सभेत हा अर्ज मोठ्याने वाचावा आणि बाईंचा यात काडीचाही दोष नाही, याची नोंद घ्यावी.

७. माझे नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती मी येथे करणार होतो. ते वाक्य खोडले आहे. गुडघ्यामुळे मला आपल्या कार्यालयाचा चढ चढवत नाही. बाई म्हणाल्या, "आणा इकडे, मी देते नेऊन." त्यामुळे हा अर्ज त्यांच्या हस्ते पाठवत आहे. त्यांना चालता चालता हाती येईल ते वाचण्याची सवय आहे. पाकीट मी चिकटवलेले नाही.

तरी हा अर्ज आपल्या टेबलावर पोहोचलाच, तर तो त्यांनी वाचूनही आणून दिला आहे, असे समजावे.

आपला नम्र आणि अपराधी,
एड्विन स्कोल्स